नगरचे कॉलेज

नगरला येणारा प्रवासी किल्ला पाहतो, चांदबिबीचा महाल म्हणून सलाबतखानाची कबर पाहतो आणि परतीची गाडी धरतो. मी मात्र स्टेशन रोडवर अहमदनगर कॉलेजपाशी हटकून रेंगाळतो.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली या गावात ठाण मांडले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा इथलीच; सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे तिथे गिरवले. पण शाळेपुढे काय? मॅट्रिक झालेल्या पोराने शंभरावर किलोमीटर दूर पुणे गाठायचे, आणि दुष्काळी मुलखातल्या बापाला तो खर्च झेपायचा नाही! 1942 साली इथल्या किल्ल्यात नेहरू, आझाद, आचार्य नरेंद्र देव अशी विद्वानांची मांदियाळी कैदेत होती. गावातल्या पोरांना मात्र घरची भाकरी खाऊन पदवी घ्यायची सोय नव्हती.

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती गृहस्थांनी 1947 साली हे कॉलेज काढले आणि ती सोय केली. पुणे विद्यापीठसुद्धा याच्या मागून आले, 1949 साली!

आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. वाचकहो, तिकडे गेलात तर किल्ल्याबरोबर हे कॉलेजही पाहून या.