उशिरा भेटलेले चिमणराव

गेलेला ऋतू वर्षाने परततो; परंतु काही सुखे अशी असतात की, ती दुसऱ्याच गावाच्या वाटेने निघून जातात आणि आपल्याला त्यांची केवळ वार्ता कळते. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका माझ्या आयुष्यातील असेच एक सुख होय.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरील ही मालिका तेथून प्रसारित होऊ लागली. दिलीप प्रभावळकर भित्रे, भाबडे चिमणराव झाले, तर बाळ कर्वे दणकट गुंड्याभाऊ. मुंबईकरांनी या जोडीला आपल्या घरचीच माणसे मानले.

आमचे परतवाडा मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी. सागवानाचा व्यापार आणि मेळघाटाकडे चढत जाणारा चिखलदऱ्याचा रस्ता, ही त्याची ओळख. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता आणि वाटेतले डोंगर त्यांना अडवतात. १९७३ मध्ये सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याला चित्रे दिसू लागली. परंतु शेकडो कोसांवरच्या वऱ्हाडात ती कोठून पोहोचणार? उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईचा आत्येभाऊ आला, म्हणजे अंगणात चिमणरावांची नक्कल करून दाखवी. तेवढेच आमचे दूरदर्शन!

माझ्या वडिलांना चिं. विं.च्या पुस्तकांचे विलक्षण वेड. लाकडाच्या वखारीतील हिशेब आटोपून ते घरी येत आणि रात्री आम्हां भावंडांना चिमणरावांच्या फजितीच्या कथा वाचून दाखवीत. हसण्याचे ठिकाण जवळ आले की, त्यांना स्वतःलाच हसू आवरत नसे. वाचन थांबे आणि आम्ही कारण न कळताच हसू लागत असू. आत्येभावाला ते पुन्हा पुन्हा विचारीत, “अरे, खरे चिमणराव कसे चालतात, ते दाखव पाहू!” पुढे १९८४च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. आमच्या गावात घरांवर अँटेना दिसू लागले, तेव्हा मालिका संपून काही वर्षे लोटली होती. वडिलांची इच्छा अखेरपर्यंत अपुरीच राहिली.

काही वर्षांपूर्वी पुतण्याने मोबाईलवर त्या मालिकेचा एक जुना भाग लावून दिला. चित्र कृष्णधवल व अंधूक होते. चिमणराव घाबरत घाबरत पुढे आले आणि ते काही बोलण्यापूर्वीच मला हसू फुटले. कारण पुढचे वाक्य मी वडिलांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले होते. क्षणभर वाटले, तेही शेजारी बसले आहेत.

मी उत्सुकतेने पुढचे भाग मागितले. परंतु फारच थोडे उरले आहेत, असे कळले. त्या काळी चित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करण्याची रीत होती. ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. इंग्लंडमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचेही अनेक भाग अशाच रीतीने नाहीसे झाले. हा कोणाचा दुष्टपणा नव्हता. आजची करमणूक हा उद्याचा ठेवा असतो, हे तेव्हा सहसा कोणाच्या ध्यानी येत नसे.

चिं. वि. जोशी १९६३ साली निवर्तले. आपली माणसे दूरदर्शनवर वावरताना त्यांनीही पाहिली नाहीत. त्यांच्या कथा मात्र आजही वाचावयास मिळतात, कारण छापील पुस्तकाच्या प्रती घरोघरी आणि वाचनालयांतून विखुरलेल्या असतात. एक फाटली, तर दुसरी सापडते. फीत एकच असेल, तर ती पुसताच सारे संपते.

म्हणून हल्ली मी नातवंडांना त्या कथा मोठ्याने वाचून दाखवतो आणि त्यांच्याकडूनही वाचून घेतो. आवडती गोष्ट एकाच ठिकाणी ठेवू नये. ती अनेकांच्या स्वाधीन करावी. असे केल्याने ती टिकते आणि उशिरा येणाऱ्यालाही तिच्यातला आपला वाटा मिळतो.