ज्योत नव्हे, वास!

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबापुढे मोठा पेच पडला. यजमान इंजिनीअर. कंपनीने त्यांची बदली हल्दियाला केली. घर ऐसपैस, पगारही वाढणार. पण धाकट्याला दमा. घर पाहायला गेलेल्या सूनबाईंना रिफायनरीच्या उंच नळकांड्यावर धगधगणारी ज्योत दिसली आणि त्यांच्या पोटात गोळाच आला.

"अहो, ही आग रात्रंदिवस? पोराला कसं सोसणार?"

घरी आल्यावर यजमानांनी समजावले, "यंत्र अचानक बंद पडलं किंवा दाब वाढला, की जादा वायू बाहेर काढावाच लागतो. तसाच सोडला तर स्फोटाची भीती, म्हणून जाळतात. मिथेन जळून कार्बन डाय-ऑक्साइड होतो. हवा तापवण्यात मिथेन त्याहून कितीतरी जहाल. ज्योतीत वाफ सोडली की धूरही होत नाही. काळा धूर दिसला, तर समजायचं, वायू नीट जळत नाही."

सूनबाईंना थोडा धीर आला. कोलकात्यानेही आजवर धुरालाच शत्रू मानले होते. धुराच्या उपद्रवाविरुद्ध इथे 1863 साली कायदा झाला, 1905 साली दुसरा. निरीक्षकांची नजर धुराड्यांवर असे.

इतका वेळ सासूबाई गप्प होत्या. त्यांचे आयुष्य चेंबूरला गेलेले. "ज्योत काय, आम्ही रोज पाहायचो. झोप उडवायचा तो वास. टाक्यांतून, टँकर भरताना ज्या वाफा निसटतात, त्या कुठे डोळ्यांना दिसतात?"

म्हणणे खोटे नव्हते. चेंबूरजवळच्या माहुलच्या हवेसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2020 साली चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली, ती मुख्यतः अशा न दिसणाऱ्या वाफांमुळेच. हल्दियाचे नावही 2010 साली केंद्राच्या अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत आले होते. तिथल्या नव्या उद्योगांवरची बंदी 2013 साली उठली.

अखेर ठरले. यजमानांनी आधी एकट्यानेच जायचे. वारा कुठून कुठे वाहतो ते पाहून कारखान्यांपासून दूर घर शोधायचे. डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा आणि मगच बिऱ्हाड हलवायचे.

निघताना सासूबाईंनी मुलाच्या हातावर दही ठेवले. म्हणाल्या, "फोन करशील तेव्हा ज्योत कशी दिसते ते नको सांगूस. पहाटे खिडकी उघडल्यावर वास येतो का, तेवढं सांग."