माझं बहुगुणी घड्याळ

एका रात्री वसतिगृहातल्या खाटेवर निजल्यानिजल्या मी पंधरा मीटर वर चढलो. खोटं वाटेल, पण माझ्या मनगटावरच्या घड्याळात तशी नोंद आहे. रात्री दहाला एक आकडा, पहाटे चारला दुसरा.

हे घड्याळ अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने दिलं. चाकणच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या पगारातून. मी डोंगर चढतो म्हणून खास. उंची, हवेचा दाब, दिशा, तापमान, सगळं सांगणारं. वेळ तेवढी बिनचूक; बाकी सगळा आनंद. हवेचं तापमान विचारावं तर माझ्या मनगटाचं सांगतं. भर पावसात बटण दाबलं, तर पाण्याला दाद न देणाऱ्या त्या काचेआड वाफ धरली. ती अजून आहे.

उंचीचं कोडं भूगोलाच्या सरांनी सोडवलं. घड्याळ उंची मोजतच नाही. हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला, की ते आपल्याला आठ-नऊ मीटर वर नेऊन ठेवतं. आणि आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. पावसाळी हवेत आणखी उतरतो. म्हणून ठाऊक असलेल्या उंचीवर आकडा जुळवून घ्यायचा. मी 'हो सर' म्हणालो आणि विसरलो.

गेल्या आषाढात बारीहून कळसूबाई चढलो. बरोबर पहिल्या वर्षाची दोघं. पुढारी मी, कारण घड्याळ माझं! माथ्यावर देवळापाशी त्याने १६९० दाखवले. शिखर आहे १६४६ मीटर. आम्ही हसलो. मग असं धुकं उतरलं की देऊळही दिसेना. मी दिशा पाहिली आणि ठामपणे म्हणालो, "इकडून." ज्या हातात घड्याळ, त्याच हातात मोबाईल. त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकाने होकायंत्र भुलतं, हे तेव्हा कुणाला सुचणार?

चाळीसेक पावलं गेलो असू. मागून ती मुलगी हळूच म्हणाली, "दादा, इथे पायाखाली वाट नाहीये. नुसतं गवत आहे."

थांबलो. पुढे गवतही संपत होतं, त्यापलीकडे पांढरं. माझ्या बुटाखालचा एक दगड सुटला. तो कुठे पडला, ते ऐकूच आलं नाही.

आलो तसे, गवतातल्या आमच्याच पावलांवरून, देवळापाशी परतलो आणि तासभर गप्प बसून राहिलो. वर लिंबू-सरबत विकणारे मामा घरी निघाले, तेव्हा त्यांच्या टाचांवर नजर ठेवून उतरलो. मामांच्या मनगटावर काहीच नव्हतं. दोघांपैकी कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, याचंच जास्त लागलं.

रात्री अण्णाचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर.

"घड्याळ चाललं का रे? उंची किती दाखवली?"

"सोळाशे सेहेचाळीस."

"बरोब्बर?"

"बरोब्बर," मी म्हणालो.