मुक्कामाला आलेला माणूस

परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. विभक्ती-प्रत्यय वर्गात शिकवता येतात, पण मराठी घरात वावरायचं कसं हे फळ्यावर लिहून देता येत नाही. म्हणून दर तुकडीला मी काही दिवस खेड्यात मुक्कामाला धाडते. निघण्याआधी मुलांचा प्रश्न ठरलेला : तिथे आम्ही काम काय करायचं? शाळेच्या भिंती रंगवू, मुलांना इंग्रजी शिकवू, शोषखड्डे खणू. मी सांगते, काहीही करायचं नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरी राहायचं, वाढतील ते जेवायचं, विचारतील त्याची उत्तरं द्यायची. चेहरे उतरतात. स्वयंसेवक होऊन जाणं सोपं आणि पाहुणा होऊन जाणं अवघड, हे माझं मत त्यांना तेव्हा पटत नाही.

मैत्रिणीचं गाव कळंब, इंदापूर तालुक्यातलं. चित्रातलं खेडं बघायला आलेल्यांची इथे निराशाच होते. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि या पट्ट्यातल्या ज्वारी-बाजरीच्या रानांत हळूहळू ऊस शिरला. पुढे 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबला लागून साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेच वालचंदनगर. तिथल्याच यंत्रांच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या रॉकेटांचे भाग तयार होऊ लागले. म्हणजे ‘दुर्गम, भाबडं खेडं’ हवं असलेल्याला इथे पहिल्याच दिवशी डेअरीची रांग, उसाच्या ट्रॉल्या आणि वेल्डिंगची ठिणगी दिसते. मला नेमकं तेच हवं असतं. गावाला आपली गरज आहे, ही समजूत गळून पडल्याशिवाय गावाची ओळख सुरू होत नाही.

एका तुकडीत एक अमेरिकन मुलगी होती. मराठीकडे वळण्याआधी ती ग्वाटेमालात एका संस्थेची स्वयंसेवक होती. तिथल्या एका किचे माया मैत्रिणीच्या डोंगरातल्या घरी ती मुक्कामाला जाऊन आलेली. त्यामुळे खेडं तिला नवं नव्हतं. पण कळंबच्या गोठ्यात ती थबकली. कुट्टी मशीनमधून हिरवा मका बारीक होऊन पडत होता, मुरघासासाठी. तिने जिथे दिवस काढले तिथे मका म्हणजे माणसाचंच शरीर. किचे लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात देवांनी माणूस आधी मातीचा करून पाहिला, मग लाकडाचा, आणि शेवटी मक्याच्या पिठाचा घडवला, तोच टिकला. तो मका पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून इकडे आला आणि आता नीरेच्या काठी दुधाच्या धंद्याला जुंपला गेला. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी मुलीचं सगळं सांगणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिकडं गायींना काय घालत्यात?”

त्या संध्याकाळी चुलीपुढे सासूबाई आणि ती मुलगी, दोघींची जुंपली. मुलीला तोर्तिया थापता येत होत्या. तिकडे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागू लागतं. ही युक्ती न घेता नुसता मका घेतलेल्या मुलखांत पेलाग्राचा रोग पसरला होता. असं पीठ दोन तळहातांमध्ये थोपटत वाढवता येतं. ज्वारीला तो चिवटपणा नाही. पिठात कढत पाणी घालायचं, भाकरीपुरताच गोळा मळायचा, परातीत पीठ भुरभुरून थापायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा. मुलीने हातावर घेतलेली भाकरी मधोमध फाटली. सासूबाई म्हणाल्या, “आगं, ही ज्वारी हाय. हिला घाई चालत नाही.” स्वयंपाकघरात एखादीला चुकू दिलं जातं आणि हसलं जातं, तेव्हा ती घरातली होऊ लागते. शाळेची भिंत रंगवायला आलेल्या माणसाला कुणी असं हसत नाही. त्याचा सत्कार करून नारळ देतात.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. गावांबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेलं जे टिकलं, त्यामागे बहुधा कुणीतरी गावातला दोस्त असतो. रॉबर्ट रेडफील्ड या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचं युकातानमधल्या चान कोम या माया खेड्यावरचं पुस्तक 1934 साली आलं. त्यावर दुसरं नाव आहे आल्फोन्सो विया रोहास यांचं. ते त्या गावच्या शाळेचे मास्तर होते, पुढे स्वतःच मानवशास्त्रज्ञ झाले. रेडफील्ड पुन्हा त्या गावी गेले आणि 1950 साली दुसरं पुस्तक लिहिलं. गाव बदललं होतं, आणि ते बदलाने फरफटत गेलं नव्हतं. बदल त्याने निवडला होता, हे त्यांनी नोंदवलं. पहिल्या भेटीतल्या चित्रावर विसंबून राहिले असते तर हे त्यांना दिसलं नसतं.

आपल्याकडे गुंथर सोंथायमर. हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवणारा हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर वर्षानुवर्षं येत राहिला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं त्याचं जर्मन पुस्तक 1976 साली निघालं. धनगरी ओव्या त्याने टेपवर उतरवून घेतल्या. 1992 साली तो गेला. त्या टेपांवरच्या दोन दीर्घ कथांचं इंग्रजी पुस्तक 2014 साली आलं, ते अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीने सिद्ध केलं. टेप वाजवली की आवाज ऐकू येतो. पण मेंढरांच्या चालीतला, चाऱ्यातला, देवाच्या रुसण्यातला शब्द न् शब्द लावायला इथली माणसं लागली. नीरेपलीकडच्या फलटणला संशोधनासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन तर तिथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, आणि तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या बाबतीत काम आधी आलं नाही. शेजार आधी आला, शाळा मागून.

पाहुण्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते : न सांगितलेलं न विचारणं. रिगोबेर्ता मेंचू या किचे कार्यकर्तीने सांगितलेली जीवनकथा 1983 साली प्रसिद्ध झाली, पुढे 1992 साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. सगळं जग जिची कहाणी वाचत होतं तिने पुस्तकाच्या शेवटी बजावलं आहे की आमच्या काही गोष्टी आम्ही अजूनही कुणाला सांगितलेल्या नाहीत. कळंबलाही तसंच. देवऋषाकडे कोण जातं, जमिनीची कुठली केस कोर्टात आहे, हे चौथ्या चहालाही बाहेर येत नाही. वहीत उतरवण्याच्या घाईत असलेल्या मुलांना हा अपमान वाटतो. मी म्हणते, तुमच्या घरचं तुम्ही पहिल्या भेटीत किती सांगता?

अनोळखी माणसाला घरात घेण्याचा सराव या मुलखाला जुना आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी काटेवाडी, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जवळूनच जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत घोडा धावतो. वाटेवरच्या अनेक घरांत कुठली दिंडी कुठे जेवणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ज्यांना पंक्तीला वाढता येतं अशा लोकांकडे ‘मदत’ घेऊन जाणं मला विचित्र वाटतं, ते याचमुळे. त्यांच्याकडून आधी घेता आलं पाहिजे. घेतलं की फेडीचा प्रश्न येतो, आणि तिथून खरं नातं सुरू होतं.

फेड मागायला गाव लाजत नाही. भाचा जर्मनीला नर्सिंगला जाऊ म्हणतोय, तिथलं खरंखोटं बघून सांग. पोरीच्या लग्नाला ये. आमच्या फोनला उत्तर दे. निघताना ही यादी हातात पडली की काही मुलांना आपला वापर होतोय असं वाटतं. ज्यांना तसं वाटत नाही, त्यांची मराठी पुढे टिकते. ग्वाटेमालात राहून आलेली ती मुलगी यादी बघून हसली. तिथल्या मैत्रिणीनेही तिच्याकडे अशीच यादी दिली होती म्हणे.

पण या हिशेबात एक बाजू अजून रिकामी आहे. माझ्या विद्यार्थ्यांना कळंबला यायला व्हिसा सहज मिळतो. कळंबच्या बाईला, किंवा ग्वाटेमालातल्या तिच्या बरोबरीच्या मैत्रिणीला, या विद्यार्थ्यांच्या गावी मुक्कामाला जायचं तर बँकेचा शिल्लक दाखला, जमिनीचे कागद आणि परत येण्याची हमी यांवर एक अनोळखी अधिकारी काही मिनिटांत निकाल देतो. एकाच दिशेने चालणाऱ्या पाहुणचाराला मैत्री म्हणवून घेणं सोयीचं आहे, पुरेसं नाही. म्हणून हल्ली अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात मी पत्रलेखन घेते. विषय ठरलेला : कळंबच्या घराला आपल्या गावी येण्याचं निमंत्रण. मराठीत त्यांच्यासाठी, आणि सोबत इंग्रजीत वकिलातीसाठी, राहण्या-जेवणाची जबाबदारी आमची असं स्पष्ट लिहून. काही मुलं ते गृहपाठ म्हणून लिहितात. काही खरोखर पोस्टात टाकतात, आणि माझ्या लेखी परीक्षा तेवढीच मुलं पास होतात.