माकडमानव कुणाला दिसतो आणि मार कुणाला बसतो?



मे २००१ मध्ये दिल्लीत 'मंकी मॅन' आला होता. तिकडे त्याला 'काला बंदर' म्हणत. गाझियाबादकडून ही गोष्ट पूर्व दिल्लीच्या वस्त्यांत शिरली आणि थोड्याच दिवसांत पोलिसांकडे तीनशेहून अधिक तक्रारी गेल्या. पोलिसांनी रेखाचित्रे काढली, पन्नास हजारांचे बक्षीस लावले. शेवटी हाती काहीच लागले नाही.

मी तेव्हा वालूरला शाळेत होते. उन्हाळ्यात आमची सगळी वस्ती अंगणात बाजा टाकून झोपायची. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. पेपरातली दिल्लीची बातमी कुणी मोठ्याने वाचली, की त्या रात्री आम्ही पोरंपोरी आपापली बाज आईच्या बाजेला चिकटवायचो. पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना त्या साक्षी पुन्हा वाचल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. माकडमानवापेक्षा त्या साक्षींचीच ओळख जास्त पटते.

काय होतं त्या साक्षींत? कुणी सांगितलं तो चार फुटी, कुणी सांगितलं साडेपाच फुटी. अंगभर काळे केस. मग बातम्या वाढल्या तसे त्याचे डोळे लाल चमकू लागले, पंजे लोखंडी झाले, डोक्यावर हेल्मेट आलं, छातीवर बटणं आली. पण काही गोष्टी बदलल्या नाहीत. वेळ रात्रीची, वीज गेलेली, गच्चीवर दाटीवाटीने झोपलेली माणसं, अर्धवट झोप. जखमा बहुतेक ओरखड्यांच्या. "आला, आला" म्हणून पळताना गच्चीवरून, जिन्यावरून पडून मात्र माणसं खरोखर मेली.

हिमालयातल्या यतीचंही असंच. २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने शास्त्रज्ञांनी तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. म्हणजे सांगणारा खोटारडा असतोच असं नाही. काहीतरी दिसलेलं असतं. त्याला नाव मात्र आधीपासून तयार असलेल्या गोष्टीतून मिळतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी २०२१ मध्ये माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण 'माकडांनी सूड घेतला, अडीचशे पिल्लं मारली' ही गोष्ट जगभर गेली, ती पाहिलेली नव्हती, रचलेली होती.

आता मुद्द्यावर येते. आंबेडकरी तरुणांनी या माकडमानवाकडे का बघावं?

अमेरिकेत ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी अफवेवर केलेला अभ्यास १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात एक चित्र होतं. रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे आहेत, गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. एकाने चित्र बघून दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. असं पुढे जाता जाता अर्ध्याहून अधिक वेळा तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला! चित्र बदललं नव्हतं. सांगणाऱ्यांच्या डोक्यातला समाज त्या चित्रात शिरला होता.

आपल्याकडे तर भुतांनाही जात आहे. मुंजा ब्राह्मणाच्या पोराचा, समंध ब्राह्मणाचा, खवीस बऱ्याच ठिकाणी मुसलमानाचा. जिथे मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही, तिथे अफवेतला वस्तरा कुणाच्या हातात जाईल हे वेगळं सांगायला नको.

दिल्लीत माकडमानव सापडला नाही, पण चार फूट उंचीचा एक फिरस्ता साधू जमावाला सापडला आणि त्याने मार खाल्ला. आपल्या महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. बहुतेक मंगळवेढा भागातले. टोळी नव्हतीच. भटक्यांकडे गुन्हेगार म्हणून बघण्याची सवय इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. आणि राईनपाडा हा आदिवासी भाग आहे. अफवेच्या जमावात शोषितही शोषिताला मारतो, हे आपण मान्य केलं पाहिजे.

त्या दिवसांत तसाच मेसेज आमच्या सेलू तालुक्यातही फिरत होता. मी काम करते त्या एका पालावरच्या बाईने मला विचारलं, "ताई, उद्या मागायला गावात जावं का नाही?" मी तिला काय सांगणार होते? न जावं तर चूल पेटत नाही, जावं तर जीव जातो. मी विहारातल्या पोरांना घेऊन गावात फिरले. ज्याच्या फोनवर मेसेज होता त्याला एवढंच विचारत गेले की पोरगं कुणाचं गेलं, त्याचं नाव सांग. एकालाही सांगता आलं नाही.

काही शहाणे म्हणतात, अडाणी लोक, त्यांना भ्रम होतो. हे मला मान्य नाही. गच्चीवर गरीबच का झोपतो? वीज त्याच्याच वस्तीची का जाते? रात्री हाक मारली तर पोलीस त्याच्याकडे येतो का? भीतीचं कारण खरं होतं, फक्त त्याला चुकीचा चेहरा दिला गेला.

आणखी एक धोका आहे. 'डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं असतं' हे वाक्य उद्या आपल्याच साक्षीदाराविरुद्ध वापरलं जाईल. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले, पण खटल्यात न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. आपल्या माणसाच्या साक्षीवर या देशात आधीच कमी विश्वास ठेवला जातो. म्हणून फरक नीट समजून घ्या. अत्याचाराचा साक्षीदार ओळखीच्या माणसाचं नाव घेतो, जागा सांगतो, उलटतपासणीला उभा राहतो. अफवेचा साक्षीदार 'कुणीतरी पाहिलं म्हणे' असं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितलं, ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपण ते वंदनेला बसून ऐकतो, पण मोबाईल हातात आला की विसरतो. म्हणून पुढच्या मेसेजला चार प्रश्न विचारा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? किती अंतरावरून, कोणत्या उजेडात? सांगण्याआधी तो कुणाकुणाशी बोलला, काय वाचून बसला होता? आणि चौथा प्रश्न आपला, आंबेडकरी माणसाचा आहे: या गोष्टीने संशयाचं बोट कुणाकडे जातं?

ते बोट गावाबाहेरच्या पालाकडे, परक्या फेरीवाल्याकडे, दाढीवाल्याकडे जात असेल, तर मेसेज तिथेच थांबवा. नुसता थांबवू नका, उठून त्या पालावर जा. रात्री तिथे दोन-चार ओळखीची माणसं बसलेली दिसली, तर जमाव जमायच्या आधीच विचार करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!