ठिपका कुणाचा?

खापराचं रेखाचित्र वाचायला शिकावं लागतं. मधोमध एक उभी रेष असते. तिच्या एका बाजूला भांड्याचा छेद काळा भरलेला असतो, म्हणजे काठापासून बुडापर्यंत भांडं उभं कापलं तर त्याची भिंत कुठे जाड, कुठे पातळ दिसेल ते कळतं. दुसऱ्या बाजूला भांड्याचं बाहेरचं अंग येतं. त्यावरची नक्षी, चाकावर उठलेल्या रेघा, पृष्ठभागाचा खरखरीतपणा सगळं तिथे दाखवतात. वरची आडवी रेष तोंडाचा व्यास सांगते आणि खाली मोजपट्टी असते. तळहाताएवढ्या तुकड्यावरून अख्खं भांडं कागदावर उभं करायची ही रीत पुरातत्त्वात जगभर चालते. त्यात रंग नसतो, छाया नसते. जे काही सांगायचं ते काळ्या शाईच्या रेषेने आणि ठिपक्याने.

माझे सर अशी चित्रं उमेदीची सगळी वर्षं काढत आले. मी पुरातत्त्वाची त्यांची विद्यार्थिनी. पुढे पोटापाण्यासाठी पुण्यात डीटीपीच्या धंद्यात आले आणि तिथेच रमले. सरांनी निवृत्तीनंतर आपल्या जुन्या भटकंतीवर पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा चित्रं छपाईसाठी तयार करून देण्याचं काम मी मागून घेतलं. घोड आणि भीमेच्या खोऱ्यात पायी फिरून त्यांनी पांढरीच्या टेकाडांवरून खापरं गोळा केली होती. जुन्या वस्तीची राखाडी-पांढरी माती जिथे साचते, ते पांढरीचं टेकाड. याच घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. त्या लोकांची ओळखीची भांडी म्हणजे जोर्वे पद्धतीची: लाल अंगावर काळ्या रंगाची नक्षी, कंगोरा असलेले वाडगे, तोटीची भांडी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केलं, त्यावरून हे नाव पडलं. महाराष्ट्रात या भांड्यांचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० असा धरतात.

सरांनी पाहिलेल्या टेकाडांपैकी काही आज जागेवर नाहीत. पांढरी माती शेताला चांगली म्हणून लोक ती गाड्या भरभरून नेतात. उरलेल्यावर नांगर फिरतो. तिथल्या खापरांची ही चित्रं आता त्या गावांचा उरलासुरला पुरावा आहेत. काम हातात घेताना ही जाणीव मला होती आणि त्यामुळेच ते नेहमीच्या कामासारखं नव्हतं.

चित्रांच्या गुंडाळ्या सोडल्या तेव्हा कागदांची अवस्था दिसली. सर आधी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने खापर मोजून काढत आणि मग ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनाने शाई करत. बाह्यरेषेला ०.६ चं निब, नक्षीला आणि ठिपक्यांना ०.३ चं. ट्रेसिंग पेपर पिवळे पडले होते, काहींना दमटपणामुळे लाटा आल्या होत्या. चिकटपट्टीचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरला होता. घडीवर शाईचे पापुद्रे उडाले होते. चुकलेली रेष ब्लेडने खरवडून काढायची त्या काळची पद्धत, त्यामुळे खरवडलेल्या जागी कागद खडबडीत होऊन मळ धरून बसला होता. आणि जागोजागी बुरशीचे बारीक डाग.

स्कॅन करताना मी ६०० डीपीआय आणि तोही रंगीत असा नियम ठेवला. काळ्या-पांढऱ्या चित्राला रंगीत स्कॅन कशाला, असं कोणीही विचारेल. एका ए फोर पानाचे साडेतीन कोटी पिक्सेल होतात आणि फाइल शंभर एमबीच्या वर जाते. पण डाग आणि शाई यांतला फरक रंगातच असतो. पिवळा कागद, तपकिरी डिंक, गंजाच्या रंगाची बुरशी हे सगळं लाल प्रकाश भरपूर परतवतं. म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे केले की लाल चॅनलमध्ये पिवळेपणा जवळजवळ पांढरा होऊन जातो, डाग फिके पडतात आणि शाई मात्र काळीच राहते. निळ्या चॅनलमध्ये याच्या नेमकं उलट, तिथे प्रत्येक डाग गडद होऊन अंगावर येतो. ग्राफ पेपरच्या नारिंगी चौकटीही लाल चॅनलमध्ये विरतात आणि मागे पेन्सिलीची रेष तेवढी उरते. पण निळ्या पेन्सिलीच्या खुणा काढायच्या असतील तर निळाच चॅनल घ्यावा लागतो. एकाच पानावर दोन्ही असलं की पान दोनदा काढून, दोन लेअर मास्कने जोडावे लागतात. ट्रेसिंग पेपर आरपार दिसतो, म्हणून त्याच्या मागे कोरं पांढरं कार्ड ठेवायचं; नाहीतर स्कॅनरच्या झाकणावरचे ओरखडेही चित्रात येतात.

कागदाच्या लाटांच्या सावल्या ही पुढची अडचण. त्यासाठी गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चांगला उपाय आहे. चित्राची प्रत करायची, ती इतकी धूसर करायची की रेषा विरून फक्त उजेड-सावलीचे पट्टे उरतील आणि मूळ चित्राला त्या प्रतीने भागायचं. डिव्हाइड नावाचा मोड आहे त्यात. कागद एकसारखा पांढरा होतो. पण खापराच्या चित्रात ही युक्ती जपून वापरावी लागते, कारण छेदाची भरीव काळी जागा मोठी असेल तर धूसर प्रतीत तीही सावलीच ठरते. भागाकार झाला की भरीव काळा मधोमध करडा, पोकळ दिसू लागतो. छेदाची जाडी हेच तर त्या बाजूचं म्हणणं असतं. म्हणून आधी सगळे छेद मास्कखाली झाकायचे आणि मगच उरलेल्या पानाला हात लावायचा.

तिरकं आलेलं पान सरळ करायचं तेही याच टप्प्यावर आणि एकदाच. प्रत्येक वळवण्यात पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि कड थोडी बोथट होते. मधली उभी रेष आणि काठाची आडवी रेष काटकोनात आली की थांबायचं.

मग लेव्हल्स. ० म्हणजे गडद काळा, २५५ म्हणजे पांढरा. किती पिक्सेल किती गडद ते दाखवणाऱ्या आलेखात दोन उंचवटे दिसतात, एक शाईचा, एक कागदाचा. दोघांच्या मधल्या सखल भागात थ्रेशोल्ड ठेवला की त्याच्या डावीकडचं सगळं काळं, उजवीकडचं सगळं पांढरं. करडं काही उरत नाही. ऑफसेटच्या छपाईत करड्या रंगाची जाळी पडते आणि रेषेची कड करवतीसारखी दिसते, म्हणून शुद्ध काळं-पांढरंच लागतं. थ्रेशोल्ड थोडा खाली नेला की बारीक रेष मध्येच तुटते; वर नेला की जवळजवळचे ठिपके एकमेकांना चिकटतात. एकच आकडा अख्ख्या पानाला चालत नाही. नक्षीला वेगळा, बाह्यरेषेला वेगळा, उडालेल्या शाईला त्याहून वेगळा. सरांनी चित्रं एक तृतीयांश आकारात छापायची म्हणून काढली होती, हेही ध्यानात ठेवायचं. ०.३ मिलिमीटरची रेष छापताना ०.१ ची होणार. पडद्यावर मोठं करून जी रेष धडधाकट दिसते, ती कागदावर टिकेल का, हे छापील मापाचा प्रिंट काढल्याशिवाय कळत नाही.

इथवरचं काम कोणालाही शिकवता येईल. खरा प्रश्न ठिपक्यांचा.

खापर भरड असेल, मातीत वाळूचे कण असतील, तर ते ठिपक्यांनी दाखवतात. ६०० डीपीआयला ०.३ निबचा ठिपका सात पिक्सेलचा भरतो. धुळीचा कण, बुरशीचा डागही साधारण तेवढाच. एका पानाच्या प्रतीवर मी मुद्दाम, बारीक टिंबं आपोआप पुसणारा मिडियन फिल्टर चालवून पाहिला. पान लखलखीत झालं. रांजणाच्या काठाचा एक जाड, भरड तुकडा होता, तो त्या प्रतीवर गुळगुळीत झाला. त्याच पानावरचा पातळ, घोटीव वाडगा आणि तो रांजण एकाच मातीचे वाटावेत असे दिसू लागले. यंत्राने काही बिघडवलं नव्हतं. लहान काळं टिंब म्हणजे कचरा, एवढंच त्याला ठाऊक. त्या रांजणाच्या मातीत कुंभाराने वाळू मिसळली होती हे त्याला कोण सांगणार?

तेव्हापासून प्रत्येक ठिपका डोळ्यांनी तपासायचा असं ठरलं. त्यातही काही खुणा हाताशी येत गेल्या. पेनाचा ठिपका गोल, कड स्वच्छ आणि रंगीत स्कॅनमध्ये निखळ काळा. बुरशीचा डाग कडेला पसरट आणि तपकिरी झाक असलेला. स्कॅनरच्या काचेवरची धूळ दर पानावर त्याच जागी येते, म्हणून लागोपाठची दोन पानं एकावर एक ठेवली की ती आपोआप उघडी पडते. कागदावरची धूळ झटकून पुन्हा स्कॅन केलं तर हलते किंवा नाहीशी होते. शाई हलत नाही.

एवढं करूनही काही ठिपके उरायचेच. मग सरांकडे लॅपटॉप घेऊन जायचं. ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ येत.

"सर, हा ठिपका तुमचा की बुरशीचा?"

"ग्राफ काढ बघू त्याचा."

पेन्सिलीचं मूळ रेखाटन समोर धरलं की समासात त्यांच्या बारीक अक्षरात टिपण असायचं: भरड, आतून काळपट, काठाला टवका. एका वाडग्याच्या काठाखाली केसासारखी तिरकी रेष होती. मला ती कागदाची घडी वाटत होती, कारण ती बाह्यरेषेच्या थोडी बाहेर गेली होती. ग्राफवर मात्र ती नेमकी त्याच जागी होती, बाह्यरेषेपाशी थांबलेली. "अगं, तडा आहे तो," सर म्हणाले. "भाजताना गेलेला. बाहेर गेलाय तेवढा भाग घडीचा, आतला तडा ठेव." दोन्ही खरं होतं. घडी नेमकी तड्यावरूनच गेली होती. बाह्यरेषेबाहेरचे पिक्सेल पुसले, आतले राखले.

दुसरी गोष्ट नक्षीची. जोर्वे भांड्यांच्या खांद्यावर तिरप्या रेघांचे पट्टे असतात. रंगवणाऱ्याने कुंचला टेकवला तिथे रेघ जाड, उचलला तिथे निमुळती होत गेलेली. सरांनी प्रत्येक रेघेचं ते शेपूट जसंच्या तसं काढलं होतं. आजकाल बिटमॅपवरून आपोआप व्हेक्टर करणारी साधनं सर्रास वापरतात आणि लोगोसाठी ती उत्तमच आहेत. पण या नक्षीवर ती चालवली की शेपटं गोलसर होतात, रेघा एकमेकींसारख्या होतात, हाताचा थरकाप निघून जातो. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी डावीकडून उजवीकडे हात नेत ती रेघ ओढली, हे त्या शेपटावरूनच ओळखू येतं. ते गोल करायचा अधिकार मला नाही. म्हणून तुटलेल्या रेघाही मी ग्राफवर पाहिल्याशिवाय जोडत नाही. नक्षी झिजून गेली असेल तर ती तुटकच दिसली पाहिजे.

शेवटी मोजणी. दहा सेंटिमीटरची मोजपट्टी ६०० डीपीआयला २३६२ पिक्सेलची यायला हवी. ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो, त्यामुळे थोडा फरक येतो. पण तो पट्टीत आणि भांड्यात साधारण सारखाच असतो. म्हणून चित्र आणि पट्टी कधीही वेगळी करायची नाहीत, लहान-मोठी करायची ती दोन्ही मिळूनच. साठवताना एक-बिटचं टिफ. जेपीजीत काळ्या रेषेभोवती करडा धुरळा उठतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. मूळ रंगीत स्कॅन मात्र न हात लावलेला, वेगळ्या डिस्कवर. मी पुसलेला एखादा डाग उद्या कोणाला ठिपका वाटला, तर त्याला मूळ पान उघडून माझा निर्णय तपासता यावा.

या कामाने मला एक गोष्ट पक्की समजावली. स्वच्छ करणं हा निवाडा असतो. जे पुसलं जातं ते पुढच्या वाचकासाठी कधी नव्हतंच असं होऊन जातं, आणि तो निवाडा करायला सॉफ्टवेअर नाही, माहीतगार माणूस लागतो. ज्याने खापर हातात धरलं, ज्याने शाई केली, तो आज विचारायला आहे म्हणून आम्ही तडा आणि घडी वेगळी करू शकलो. सरांच्या पिढीतल्या कितीतरी जणांकडे, जुन्या संस्थांच्या कपाटांत अशा गुंडाळ्या आहेत: खापरांच्या, दगडी हत्यारांच्या, लेण्यांच्या, वाड्यांच्या आराखड्यांच्या. त्या स्कॅन होतीलही, आज ना उद्या. पण नुसतं स्कॅन पुरणार नाही. काढणाऱ्याला शेजारी बसवा, पानं एकेक करून दाखवा आणि प्रत्येक शंकास्पद ठिपक्याबद्दल विचारून उत्तर लिहून ठेवा. पेन्सिलीची मूळ रेखाटनं रद्दीत जाऊ देऊ नका. साधनं दरवर्षी सुधारत जातील, पुढची माणसं माझ्यापेक्षा बरं काम करतील. त्यांना हवी असतील ती हीच उत्तरं, आणि ती आत्ताच मिळवता येतात.