हॉबी, आता उपनगराकडे ये

प्रिय हॉबी-१६,

मुंबईत शिडाच्या शर्यतींचा विषय निघाला की नजर गेटवेकडेच जाते. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. लष्कराची आणि नौदलाची शीडनौकांची केंद्रंही दक्षिण टोकालाच. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शीडनौकांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यावर झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई खेळांत मुंबईच्या श्वेता शेर्वेगारने वर्षा गौतमच्या जोडीने रौप्यपदक आणलं. या परंपरेचा मला अभिमान आहे.

पण बोरिवलीच्या किंवा अंधेरीच्या मुलीला शिडाची दोरी हातात घ्यायची असेल, तर रविवारी लोकल पकडून शहराचं दुसरं टोक गाठावं लागतं, त्यात मेगाब्लॉक असला तर विचारायलाच नको. आणि हे सगळं कुठे जाण्यासाठी, तर समुद्रावर! जो वेसावे, मढ, मार्वे, मनोरी, गोराई असा तिच्या घराच्या पश्चिमेला पसरलेलाच आहे. मुलुंड-घाटकोपरकडे ठाण्याची खाडी आहे, पण तिथला चिखल, तिवरं आणि फ्लेमिंगो पाहता ती पक्ष्यांकडेच राहावी. शिडाची जागा पश्चिम किनाऱ्यावर आहे, आणि त्या किनाऱ्यासाठी तुझ्याइतकी योग्य नाव मला दुसरी दिसत नाही.

याचं कारण तुझ्या बांध्यात आहे. सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी ऑल्टरने १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तुला आणलं, तेच मुळी धक्का नसलेल्या किनाऱ्यासाठी. दोन जोडसांगाडे, पाच मीटर लांबी, वजन साधारण १४५ किलो. साध्या शीडनौकेला वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून पोटाखाली फळी सोडावी लागते, आणि त्या फळीला खोल पाणी लागतं. तुझ्या दोन्ही सांगाड्यांची बाहेरची बाजू जवळजवळ सपाट आणि आतली फुगीर असल्यामुळे फळीचं काम ते सांगाडेच करतात. सुकाणूची पाती वाळूला लागली की आपोआप वर उचलली जातात. रुंद चाकांच्या गाड्यावर चार जणांनी ढकललं की तू पाण्यात. आमच्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते. तिथे गुडघाभर पाण्यात तरंगणारी नावच हवी.

वाराही तुझ्या सोयीचा आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी तो पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा भरतो. तो भरला की तुझा वाऱ्याकडचा सांगाडा पाण्यातून सुटतो. सुकाणूवाला आणि त्याचा साथीदार कंबरपट्ट्याला तार अडकवून कडेवर पाय रोवतात आणि अख्खं शरीर समुद्रावर झोकून देतात. पाठीखालून पाणी सुसाट जात असतं. वाऱ्याकडचं पातं बाहेर आल्यामुळे सुकाणू हाताला हलकं लागतं, मात्र दुसऱ्या सांगाड्याचं नाक बुडू लागलं की क्षणात वजन मागे न्यावं लागतं. तिथे चूक झाली तर तू नाकावर कोलांटी घेतेस.

शर्यतीत तर तू माणसाचा कस पाहतेस. पाच मिनिटांचा इशारा, मग चार, मग एक, आणि शून्याला रेषा ओलांडायची. उजव्या अंगावर वारा घेऊन येणाऱ्या नावेला वाट द्यायचीच. हलकी असल्यामुळे वाऱ्यासमोर वळताना तू मध्येच थबकतेस. तेव्हा पुढचं शीड, म्हणजे जिब, मुद्दाम उलट्या बाजूला धरून ठेवायचं, मागच्या शिडाची दोरी थोडी सैल सोडायची आणि नाक पलीकडे गेलं की मगच जिब सोडायची. एकाने घाई केली की दोघांचीही शर्यत जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दुसऱ्यावर विसंबून निर्णय घ्यायला शिकवणारा यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही.

हा समुद्र रिकामा नाही, हे मात्र लक्षात ठेव. तो आधी कोळ्यांचा आहे. त्यांच्या डोल जाळ्यांचे खुंट पाण्यात रोवलेले असतात. कुठे जाळं आहे, कुठे खडक वर येतो, खाडीच्या तोंडाशी ओहोटी किती जोराने ओढते, हे वेसाव्याचा किंवा मनोरीचा नाखवा नकाशा न पाहता सांगतो. म्हणून तू यायचंस ते त्यांना विचारून. शर्यतीची रेषा जाळ्यांपासून दूर असावी, बचावाची यांत्रिक होडी कोळीवाड्यातली असावी, त्या कामाचं पूर्ण मोल मिळावं आणि सुकाणूवर पहिला हक्क त्याच वाड्यांतल्या पोरांचा असावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तूही शेडमध्येच राहा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनही लगेच निघू नकोस, पाऊस सरू दे.

तुझ्यासाठी फार काही उभारायला नको. किनाऱ्यावर एक शेड, काही लाईफ जॅकेट, एक बचावहोडी आणि शिकवणारी दोन जाणती माणसं पुरेत. पाणी स्वच्छ हवं, कारण खाडीतून येणारी प्लॅस्टिकची एक पिशवीसुद्धा सुकाणूच्या पात्यात अडकून शर्यत घालवते. ज्यांची मुलं या पाण्यावर येतील, ते किनाऱ्याच्या कचऱ्याबद्दल गप्प बसणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

म्हणून उपनगरातल्या शाळांना, महाविद्यालयांना, कोळी समाजाच्या सोसायट्यांना आणि महापालिकेला या पत्रातून विनंती करतो: एकत्र बसा, मार्व्याच्या किंवा गोराईच्या किनाऱ्यावर या नावेसाठी जागा ठरवा आणि येत्या हिवाळ्यात दोन हॉबी तरी पाण्यात उतरवा.

तुझा,
बोरिवलीचा एक शीडप्रेमी